रोपं आणली पाडव्याला, हिशेब मांडतेय मृगात

नर्सरीतून घरी आल्या आल्या लिहिलेल्या कौतुकावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी सगळीच रोपं देखणी दिसतात. लग्नाच्या मांडवात नवरी बघून संसाराचा अंदाज बांधण्यातला प्रकार. म्हणून मी थांबले. पाडवा झाल्यावर पहिल्या गुरुवारी रोपं आणली, मधला सगळा वैशाख गच्चीवर काढला, आणि आज मृग लागून चार दिवस झालेत. आता मोजायला हरकत नाही. पंधरा रोपं आणली होती, बारा जिवंत आहेत. मेलेल्या तिनांपैकी एक आमच्या चिरंजीवांनी मारलं, ते नर्सरीच्या नावावर टाकणार नाही.

नर्सरीचं नाव मात्र लिहीत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या आजींनीच बजावलंय, "मोबाइलवर नाव टाकू नका बाई, रविवारी आधीच गाड्या रस्त्यावर लागतात." त्यामुळे खुणेनं सांगते. सोलापूर रस्त्यानं हडपसर सोडायचं, मांजरी, लोणी काळभोर, थेऊर फाटा मागं टाकायचा. सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंत दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या. पुढं रांगेनं रंगीत कुंड्या, मागं हिरव्या नेटचे मांडव. त्यातली ही एक, रस्त्यापासून थोडी आत, कालव्याकडं जाणाऱ्या वाटेवर. पुढं कुंड्यांची आरास नाही हीच तिची खूण. पुढं उघडा मुरूम आणि त्यावर उन्हात ठेवलेल्या काळ्या पिशव्या. मला तरी पहिल्यांदा वाटलं, राहिलेला माल टाकलाय.

मी गेले तेही ठरवून नाही. आमच्या चुलत सासूबाई दरवर्षी उरुळीच्या निसर्गोपचार आश्रमात जातात, गांधीजींनी 1946 साली सुरू केला तोच. त्यांना सोडून परत येताना शेजारच्या वहिनींनी ओम्नी आत वळवली.

आता माझ्याबद्दल थोडं, नाहीतर हिशेब कळणार नाही. मी हडपसरला पोळी-भाजीचे डबे करते. रोज साठ-पासष्ट. घर तिसऱ्या मजल्यावर आणि वर गच्ची, तीही पश्चिमेला उघडी. दुपारी दोन ते सहा तिथं अनवाणी पाय ठेवता येत नाही. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये घराजवळच्याच एका नर्सरीतून सहा रोपं आणली होती. काळीभोर हिरवी, तेल लावल्यासारखी चकाकणारी पानं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, दहाव्या दिवशी काड्या. मी समजले, आपला हात वाईट. सासूबाईंनीही तेच समजून घेतलं आणि वर्षभर ऐकवलं.

ही गोष्ट मी आजींना सांगितली, तर त्या हसल्या. उठून नेटखालच्या मोगऱ्याची एक पिशवी आणली आणि बाहेरच्या मुरमावरची दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या. नेटखालचं पान रुंद, गडद आणि बोटांत धरलं तर पातळ, वहीच्या कागदासारखं. बाहेरचं पान लहान, फिकट पोपटी, कडेला थोडं वळलेलं, पण दाबलं की जाड लागतं. "लोक हे नेतात," नेटखालच्याकडं बोट. "आणि हे जगतं." सावलीत वाढलेलं पान ऊन गोळा करायला पसरट होतं, ते एकदम पश्चिमेच्या गच्चीवर नेलं की भाजतं. या लोकांची पद्धत अशी, की उन्हाळ्यात विकायचं रोप आधी पन्नास टक्के सावलीच्या नेटखाली, मग नेटच्या कडेला जिथं सकाळचं ऊन लागतं तिथं, आणि शेवटी उघड्यावर. उघड्यावर पंधरा दिवस टिकलं की विक्रीला. त्यामुळे त्यांची रोपं फोटोत चांगली येत नाहीत. गाडी आत वळवून, एक नजर टाकून, तशीच बाहेर नेणारी दोन कुटुंबं मी तिथं उभी असताना पाहिली.

माझं सगळं परीक्षण खरं तर या दोन पानांत आलं. पण हिशेब मांडायचा म्हटलाय तर मांडते.

त्या दिवशीची खरेदी अशी. मोगरा दोन, ऐंशीप्रमाणे. सोनचाफ्याचं कलम एक, अडीचशे. ऑफिस टाइम या फुलझाडाच्या कुंड्या चार, चाळीसप्रमाणे. झिनिया सहा, वीसप्रमाणे. कढीपत्ता पन्नास, गवती चहाचा ठोंब वीस. झाले सातशे साठ. तयार मातीच्या दोन गोण्या, दीडशेप्रमाणे. एक हजार साठचे आजींनी एक हजार पन्नास घेतले. पावती नाही, वहीच्या मागच्या पानावर बेरीज. भावाच्या पाट्याही नाहीत, हे मला आवडलं नाही. रविवारी गेलेल्या माझ्या नणंदेनं तसाच झिनिया पंचविसाला आणला. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी दोन गडी जास्त लावावे लागतात." कारण खरं असेल, पण मग पाटी लावा की. शिवाय मांडवाच्या आत मोबाइलला रेंज येत नाही, पैसे पाठवायला रस्त्यापर्यंत चालत यावं लागतं. रोख घेऊन जा.

काय दिलं यापेक्षा काय दिलं नाही, ते जास्त सांगण्यासारखं आहे. आत एका कोपऱ्यात पिटुनिया होते. जांभळे, गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांचे, कुंडीबाहेर सांडलेले. मी तीन उचलले. आजींनी दोन काढून परत ठेवले. "हे थंडीचे पाहुणे. अजून तीन आठवडे. एक न्या, हौस म्हणून, दहा रुपये द्या." मी एकही नेला नाही, पण माणूस कळलं. बाकी ठिकाणी मार्चअखेरीला पिटुनिया, पँझी, डायंथस असेच गळ्यात मारतात, भरल्या फुलांत. घरी येऊन ऊन लागलं की संपले.

मग मिरची. डब्यांसाठी मला घरची मिरची हवी होती. रोपवाटिकेचं काम आजींच्या धाकट्या सूनबाईंकडं. अठ्ठ्याण्णव खळ्यांचे ट्रे, त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि प्रत्येक खळ्यात एक रोप. बाई बोलायला तुटक, पण कामात चोख. म्हणाल्या, "आत्ता नेली तर बोकड्या येणार ताई. पानं आकसतात, वाटीसारखी होतात. फुलकिडे आणि कोळी या किडी या दिवसांतच जास्त. मृगात या." भेंडीची रोपं मागितली तर देईनात. भेंडी आणि गवारीला सोटमूळ असतं, उपटून लावलेलं त्यांना मानवत नाही, बी थेट कुंडीत टोचायचं. पुढ्यातलं गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना "नको" म्हणणारं दुकान मी तरी क्वचित पाहिलंय. मी स्वतः म्हणत नाही. कुणी पंच्याहत्तर डबे मागितले तर हो म्हणते आणि मग रात्री कणीक मळत बसते.

त्यांच्या घरात एक अपवाद आहे, तो म्हणजे आजींचा धाकटा मुलगा. त्यानं आत काचेची खोली केलीय, कूलर लावलेला, त्यात घरात ठेवायची झाडं. भाव तिथं एकदम चढतात. कलमी अडेनियम सहाशेला दाखवलं, खोड लठ्ठ, फूल सुरेख, आणि ते झाड उन्हाचंच, त्यामुळे त्याला नाव ठेवणार नाही. पण त्यानं मला हायड्रेंजियाही दाखवला. निळ्या फुलांचा हा एवढा गेंद. महाबळेश्वरला बंगल्यांच्या कडेनं दिसतो तो. मी विचारलं, हडपसरला जगेल? तो म्हणाला, "सावलीत ठेवा मॅडम, काही होत नाही." बाहेरून आजींचा आवाज आला, "होतं." तेवढ्यावर तो विषय संपला. तुम्ही जाल तेव्हा काचेच्या खोलीत एकटे शिरू नका.

आता एकेक रोपाचं काय झालं ते.

ऑफिस टाइम हे माझं सगळ्यात लाडकं ठरलं, आणि सगळ्यात स्वस्त. कुणी चिनी गुलाब म्हणतं. पानं नाहीतच म्हणा, जाड सुयांसारखी रसाळ बोटं, त्यातच पाणी साठवलेलं. सकाळी नऊ-साडेनऊला फुलं उघडतात आणि दुपार कलायच्या आत मिटतात. माझे डबे दहाला निघतात. डबे नेणारा मुलगा पिशव्या लावत असतो तेव्हा मागं कठड्यावर राणी, केशरी, पिवळी, पांढरी फुलं उघडलेली आणि त्यांवर बारक्या मधमाश्या. मग मी पोळपाट धुते, जेवते, आडवी होते, उठून बघते तर सगळी मिटलेली. आमच्या दोघींचं वेळापत्रक एकच. चारातली एक कुंडी चिरंजीवांनी मारली. त्यांच्याकडं आठवडाभर पाणी घालायचं काम दिलं होतं, त्यांनी मायेनं सकाळ-संध्याकाळ घातलं. देठ पिवळे, मऊ, मुळाशी कुजलेले. उरलेल्या तिनांतून चार-चार बोटांचे तुकडे मोडून मी नुसते मातीत खोचले, त्याच्या आता सात कुंड्या झाल्यात.

झिनिया सहा आणले, चार राहिले. एक तिसऱ्या दिवशीच वाळला, त्यात चूक माझी. गच्चीवरच्या काळ्या पाइपात पाणी दिवसभर तापतं. दुपारी चारला मी नळ सोडला आणि पाइप थेट कुंडीत. पहिलं बादलीभर पाणी चहाला चालेल एवढं गरम होतं. दुसरा गेला गेल्या आठवड्यात, पावसाची दमट हवा सुरू झाल्यावर पानांवर पांढरी भुरी आली. तो झिनियाचा नेहमीचा रोग, आणि हंगामी झाड तसंही आयुष्याच्या शेवटाला आलं होतं.

म्हणजे मेलेले तीन हे. तिन्ही पाण्यापायी किंवा हवेपायी, उन्हापायी एकही नाही. मला एवढंच बघायचं होतं.

सोनचाफ्यानं आल्यावर तोंड फिरवलं. पंधरा दिवसांत खालची सगळी पानं टाकली, वर तीन राहिली. मी घाबरून फोन केला. आजींच्या थोरल्या मुलानं विचारलं, पिशवीतून लगेच काढलं का? हो, आल्या दिवशी संध्याकाळीच. "हुंडी फुटली होती का?" फुटली होती. ब्लेडनं पिशवी उभी चिरताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा माझ्या हातातच दोन तुकडे झाला होता. त्यानं ओरडा दिला नाही, पण एवढं सांगितलं की उन्हाळ्यात आणलेलं रोप आठ-दहा दिवस पिशवीतच गच्चीवर ठेवायचं, आणि काढायच्या आदल्या दिवशी पाणी द्यायचं, काढताना नाही. ओला गोळा जड होतो आणि फुटतो. हे आम्हाला विकतानाच का सांगितलं नाही, हा माझा प्रश्न. कागदावर चार ओळी छापून द्यायला काय लागतं? त्यावर त्याचं म्हणणं, कागद कुणी वाचत नाही. असो. चाफा आता सावरलाय, नवी तांबूस पालवी आहे. कलम असल्यामुळे एखाद-दोन वर्षांत फूल येईल म्हणतात. बियांचा घेतला असता तर माझ्या सुनेनं बघितलं असतं.

आता मोगरा. ही सगळी यात्रा खरं तर त्याच्यापायी होती. सासूबाई बार्शीच्या, त्यांच्या माहेरच्या अंगणात मदनबाण होता. लांब, टोकदार कळी, आत पाकळ्यांवर पाकळ्या. "मदनबाणच आण, बाकीचा मोगरा तो काय मोगरा," असं सांगून पाठवलेलं. दोन्ही पिशव्यांवर स्केचपेननं लिहिलेल्या पट्ट्या, उन्हानं अक्षरं उडालेली. दोन्ही मदनबाण म्हणून घेतल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात कळ्या आल्या. एकीच्या निमुळत्या. दुसरीच्या बटणासारख्या गोल. सासूबाईंनी चष्मा लावून कळी बोटावर घेतली आणि म्हणाल्या, "हा बटमोगरा. तुला फसवलं."

फोटो पाठवला. तासाभरात आजींनी सुनेच्या मोबाइलवरून निरोप बोलून पाठवला, जसाच्या तसा देते: "चूक आमची. तो राहू द्या तुमच्याकडं, दुसरा येऊन घेऊन जा. आणि आता कळी बघूनच घ्या." मी गेले आणि कळी बघूनच घेतला. पैसे घेतले नाहीत. तरी पट्टीची चूक ती चूकच. ज्याला वाटेत उरुळी पडत नाही त्यानं काय करायचं? उन्हाळ्यात जात असाल तर मोगऱ्याला कळी असतेच, नावावर जाऊ नका, कळी बघा.

बदलून देताना आजींनी मोगऱ्याचं शिक्षणही दिलं, उभ्या उभ्या, हातात कात्री घेऊन. मोगरा नव्या फुटीवर येतो. म्हणून एक बहर संपला की त्या काड्या शेंड्याकडून दोन पेरं छाटायच्या, मूठभर शेणखत घालायचं, की पुन्हा फूट आणि पुन्हा कळ्या. डिसेंबरात पाणी तोडायचं, संक्रांत झाली की कडक छाटणी करून उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची. "झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही," असं म्हणत त्यांनी माझ्याच पिशवीतल्या मोगऱ्याच्या दोन काड्या कचाकच उडवल्या. मला कापरं भरलं. बावीस दिवसांनी त्या दोन्ही ठिकाणी चार-चार कळ्या. आता दुपारी चारला सासूबाई गच्चीवर येतात, कळ्या मिटलेल्या असतानाच खुडतात, ओल्या रुमालात ठेवतात. सातच्या सुमाराला घरभर वास. वर्षभराचे टोमणे बंद झालेत, हे ऐंशी रुपयांत महाग नाही.

हंगामी गोष्टींचं सांगायचं राहिलं. अक्षय तृतीयेला मी दुसऱ्यांदा गेले. त्या दिवशी आळी घालायची, वेल लावायचे, हे आपल्याकडं जुनंच आहे, आणि ही मंडळी ते पाळतात. काहीही खरेदी करा, घोसाळी किंवा लाल भोपळ्याच्या बियांची कागदाची पुडी फुकट. दाराशी वाळा घातलेला माठ आणि शेजारी पन्हं, गूळ-वेलदोड्याचं. वाळ्याची रोपंही विकायला होती, पण ते नुसतं गवत दिसतं, कामाचं सगळं मुळात. मी निशिगंधाचे दहा कंद घेतले, दहा रुपयांना एक, आणि मे फ्लॉवरची कळी धरलेली एक कुंडी, शंभरला. मे फ्लॉवर म्हणजे गंमत आहे. अकरा महिने फुलाचं नाव नाही, मग मेमध्ये जमिनीतून एक जाड दांडा आणि त्यावर लाल काड्यांचा चेंडू. आठवडाभर शेजारपाजारचे बघून गेले. मग संपला, आता पानं आहेत. निशिगंधाचे दहापैकी नऊ फुटलेत, दहावा मी उकरून पाहिला, तो कुजलाय.

त्याच फेरीत एक सल्ला मी चुकीचा ऐकला. कुंडीतली माती उन्हानं भेगाळते, तर वर उसाचं पाचट अंथरा, असं थोरल्यानं सांगितलं. पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं. हडपसरात पाचट कुठून आणू? आमच्या कोपऱ्यावर रसवंती आहे, तिथून मी पोतंभर चिपाडं आणली आणि सगळ्या कुंड्यांत छान पसरली. ऊस तो ऊसच. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मुंग्यांची जी काही रांग होती ती जिन्यावरून खाली स्वयंपाकघरात, तिथून थेट गुळाच्या डब्यापर्यंत. साठ डबे बाजूला ठेवून आधी गच्ची धुतली. नारळाच्या शेंड्या वापरा. माझ्याकडं रोज दोन नारळ फुटतात, आणि मी पाचट शोधत हिंडत होते.

सोयींच्या नावानं फार काही अपेक्षा ठेवू नका. स्वच्छतागृह नाही. गाडी लावायला जागा चार गाड्यांची. चिनी मातीच्या कुंड्या बाहेरच्या दुकानांपेक्षा महागच वाटल्या, त्या मी घेतल्या नाहीत. तयार माती चांगली, भुसभुशीत, त्यात निंबोळी पेंडीचा वास येतो. पण एका गोणीत विटांचे तुकडे निघाले, ओंजळभर. घरपोच पाठवतात, पण तो टेंपो त्यांचा नाही. वहिनींच्या पाच कुंड्यांपैकी दोन फुटून आल्या, आणि नर्सरी म्हणते टेंपोवाला, टेंपोवाला म्हणतो रस्ता. स्वतः जाऊन स्वतःच्या मांडीवर आणा.

वार निवडायचा तर मंगळवार ते गुरुवार, सकाळी आठच्या आत. तेव्हा धाकट्या सूनबाई झारीनं पाणी घालत असतात आणि कुठलं रोप रात्रीतून सुकलंय ते तुमच्याही डोळ्यांना दिसतं. दहानंतर सगळ्यांवर पाणी पडलेलं असतं, सगळीच तरतरीत.

काल मिरचीसाठी फोन केला. म्हटलं, मृग लागला, येऊ का? सूनबाई म्हणाल्या, एक सर पडून भागत नाही, अजून दोन पाऊस होऊ द्या, ट्रे बाहेर काढलेत, रविवार सोडून या. पाठोपाठ मागून आजींचा आवाज, "रिकाम्या कुंड्या आणा म्हणावं, दोन रुपयांनी परत घेतो." माझ्याकडं प्लास्टिकच्या अकरा निघाल्या. बारावीत सासूबाईंनी कोथिंबीर पेरलीय, ती त्या देत नाहीत.